आक्काचा वण

गेल्या पावसाळ्यात आक्का नातीला घेऊन बेळगावहून बंगळूरला आली. राणी चन्नम्मा एक्सप्रेसमधून उतरली तेव्हा तिच्या एका हातात पाच वर्षांची नात होती, दुसऱ्या हातात रिपोर्टांची पिशवी. मागून मुलगा, सून आणि विहीणबाई. नातीच्या हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक होतं. आक्कालाही तेच होतं.

आक्काचं ऑपरेशन 1978 साली मुंबईच्या केईएममध्ये झालं. ती बारा वर्षांची, मी आठ. छातीचं हाड मधोमध कापून, हृदय थांबवून, तेवढा वेळ रक्त यंत्रातून फिरवून डॉक्टरांनी ते भोक शिवलं. आक्का ठणठणीत झाली. पण गळ्याखालून सरळ खाली उतरणारा वण राहिला. तेव्हापासून आई तिचे ब्लाऊज बंद गळ्याचेच शिवून घ्यायची. पुढे दोन स्थळं मोडली. दोन्ही वेळा नकाराचं कारण कुणी बोललं नाही, आणि घरात सगळ्यांना ते ठाऊक होतं. तिसऱ्या वेळी आक्कानं भावजींना स्वतःच सांगितलं. ते म्हणाले, "दुरुस्त झालंय ना? मग झालं."

नातीचं निदान झाल्यापासून मात्र ती गप्प होती. "माझंच गेलं गं पोरीकडं," एवढंच एकदा फोनवर बोलली. बऱ्याच मुलांत असं भोक घरात कुणालाही नसताना असतं, काही घरांत ते पुढं येतं, असं डॉक्टरांनी सांगितलं. तिनं त्यातलं दुसरंच ऐकलं.

डॉक्टरांनी कागदावर चित्र काढलं. जांघेतल्या शिरेतून एक बारीक नळी हृदयाच्या उजव्या कप्प्यात जाणार, तिथून भोकातून डाव्या. नळीत निकेल आणि टायटॅनियमच्या तारांची जाळी दाबून बसवलेली. या मिश्रधातूचा गुण असा, की कितीही दाबली तरी सुटल्यावर जाळी आपला मूळ आकार धरते. आधी डावीकडची चकती उघडायची, ती पडद्याला टेकली की उजवीकडची. मध्ये भोक. ओढून-ढकलून पाहायचं, हलत नसेल तरच सोडायचं. तोवर चुकलं तर जाळी परत नळीत ओढून घेता येते. भोक फार मोठं असेल, किंवा जाळीला धरायला कडेला पुरेसा पडदा नसेल, तर आजही छाती उघडावीच लागते. नातीच्या भोकाला कडा होत्या.

बाहेर बाकावर बसलेल्या सगळ्यांचं दुखणं एकच होतं. कुणी 'तूतु' म्हणत होतं, कुणी 'छेद', आम्ही 'भोक'. मी फोनवर वाचत बसले. 1929 साली जर्मनीत व्हेर्नर फोर्समान नावाच्या तरुण डॉक्टरनं स्वतःच्याच दंडाच्या शिरेतून हृदयापर्यंत नळी सरकवली आणि तशाच अवस्थेत चालत जाऊन एक्स-रे काढला. 1956 साली त्याला नोबेल मिळालं. छाती न उघडता असं भोक बुजवल्याचं किंग आणि मिल्स या अमेरिकन डॉक्टरांनी 1976 मध्येच छापलं होतं. म्हणजे आक्काच्या ऑपरेशनच्या दोन वर्षं आधी. पण ती साधनं बोजड होती. आज वापरतात तसल्या जाळीला अमेरिकेत मान्यता मिळायला 2001 उजाडलं. हे आक्काला सांगावं की नाही, ते मला ठरवता येईना. मी फोन पर्समध्ये टाकला.

दुपारी डॉक्टर बाहेर आले. जाळी नीट बसली होती. दुसऱ्या दिवशी घरी सोडलं. नातीच्या जांघेत फक्त एक छोटी पट्टी.

विहीणबाईंनी देवाला हात जोडले. मग हलक्या आवाजात म्हणाल्या, "बरं झालं. वण नाही, काही नाही. आता कुणाला सांगायचं कारणच उरलं नाही."

त्यांच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं. माझी आई असती तर तीही हेच म्हणाली असती. सुनेनंही मान हलवली.

आक्का डिस्चार्जचे कागद चाळत होती. तिनं त्यातलं एक छोटं कार्ड वेगळं काढलं. जाळी कोणती, कधी बसवली, ते त्यावर लिहिलेलं.

"सांगायचं, विहीणबाई," ती म्हणाली. "सहा महिने गोळी चुकवायची नाही. तोवर जाळीवर आतलं कातडं चढतं म्हणाले. दाताच्या डॉक्टरकडं गेलो तर आधी सांगायचं, नाहीतर जंतू तिथं जाऊन बसतील. शाळेत सांगायचं. मोठी झाली की तिलाही सांगायचं. माझं लपवायला गेलात तरी दिसत होतं. हिचं दिसतच नाही, मग सांगितल्याशिवाय कळणार कसं?"

कुणी काही बोललं नाही.

संध्याकाळी माझ्या घरी नात आक्काच्या मांडीवर बसून तिच्या गळ्याशी बोट फिरवत होती. "आज्जी, तुला रेघ आहे. माझी कुठाय?"

आक्कानं ब्लाऊजचं वरचं बटण काढलं आणि तिला पूर्ण वण पाहू दिला. मी इतक्या वर्षांत तो एवढा सबंध कधी पाहिला नव्हता.

"तुझी आत आहे," ती म्हणाली. "कार्डावर लिहिलीय. वाचायला आलं की वाच."