मूठ

इंदूरला बहिणीकडे गेलो होतो. भाचा एअर पिस्तुलाचा नेमबाज. दुसऱ्या दिवशी स्पर्धेआधीची शस्त्रतपासणी, आणि पोरगा जेवेना. पिस्तुलाची लाकडी मूठ त्याने कानशीने घासून, पुट्टी भरून आपल्या हाताजोगी केली होती. पण एक कड मनगटाला टेकत होती.

घडवून घेतलेले पिस्तूल म्हणजे लबाडी, असा माझा समज. तसे नाही हो! आयपीएससीच्या 'प्रॉडक्शन' गटात मान्य यादीतलेच कारखानी पिस्तूल लागते, हौसेने घडवलेले तिथे चालत नाही. ऑलिंपिकच्या एअर पिस्तुलात मात्र मूठ खुशाल हाताबरहुकूम कोरा. फक्त पिस्तूल ४२० × २०० × ५० मिलिमीटरच्या पेटीत मावले पाहिजे, चाप किमान ५०० ग्रॅमचा हवा आणि मुठीने मनगटाला आधार देता कामा नये. जवळच्याच महूच्या आर्मी मार्क्समनशिप युनिटमध्ये तयार झालेल्या विजय कुमारने २०१२ साली लंडनला रौप्यपदक मिळवले. त्याच्या पिस्तुलालाही तपासणी चुकली नव्हती.

मी पडलो कारकून, नियमातला शब्दन् शब्द वाचायची खोड! रात्री मामा-भाच्यांनी पॉलिश पेपरने ती कड उतरवली. सकाळी पिस्तुलावर स्टिकर लागला. गुण किती पडले, ते मात्र विचारू नका.