नेवाशाची टेकडी आणि कांचेची फुंकणी

गेल्या कार्तिकांत आम्ही सहकुटुंब नेवाशास गेलों होतों. नगर शहरापासून, ज्यास २०२४ पासून सरकारी दप्तरीं अहिल्यानगर असें नांव मिळालें आहे, नेवासें सुमारें साठ किलोमीटर. संभाजीनगरच्या रस्त्यानें जावें, फाट्यावर वळावें, म्हणजे थोड्याच वेळांत प्रवरेचें पात्र दिसूं लागतें. नदीच्या दोहों तीरांस वस्ती आहे. एक नेवासें खुर्द, दुसरें बुद्रुक. ज्या खांबास टेकून ज्ञानेश्वरमहाराजांनीं शके १२१२ मध्यें गीतेवरील टीका सांगितली असें मानतात, तो 'पैस' खांब पाहण्यास येथें बारमाही यात्रेकरू येतात. आमच्या घरांतील वडील मंडळींचा हेतुहि तोच होता. दर्शन झालें, मोहिनीराजाच्या देवळांत जाऊन आलों, नदीकांठीं फराळ उरकला. आणि मग मुलांच्या हट्टास्तव आम्ही लाडमोड नांवाच्या टेकडीकडे वळलों.

ही टेकडी म्हणजे निसर्गानें रचलेला डोंगर नव्हे. माणसानें घर बांधावें, तें पडावें, त्याच मातीवर पुढच्या पिढीनें पुन्हां घर बांधावें, असें शतकानुशतकें चाललें म्हणजे जी उंची येते ती ही. आपल्याकडे अशा मातीस पांढरी म्हणतात. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या वतीनें डॉ. सांकळिया, डॉ. शां. भा. देव प्रभृति विद्वानांनीं १९५४ ते १९५६ या काळांत येथें उत्खनन केलें. त्यांत ताम्रपाषाणयुगांतील शेतकऱ्यांची वस्ती, तिच्यावर सातवाहनांच्या काळचें नांदतें गांव, रोमन बनावटीच्या मद्यकुंभांचे तुकडे, मग दीर्घ काळ ओसाडी, आणि सर्वांत वर मुसलमानी व मराठी अमदानीचा थर, असा इतिहास एकाखालीं एक रचलेला सांपडला. या वरच्या थरांत कांचेच्या बांगड्यांचे तुकडे पुष्कळ निघाले.

पाऊस नुकताच सरला होता, त्यामुळें माती धुऊन निघाली होती. आमच्या धाकट्या नातीस पाहतां पाहतां एक तुकडा दिसला. काळ्या कांचेवर पिवळ्या कांचेचा बारीक वळसा. जेमतेम बोटाच्या पेरा-एवढा. तो निरखून तिनें विचारलें, "आजोबा, ही बांगडी फुंकून केली असेल का?" कांच म्हणजे फुंकून करावयाची वस्तु, एवढें तिनें कोठेंतरी चित्रांत पाहिलें होतें. प्रश्न चांगला होता. आणि त्याचें उत्तर देतां देतां आम्हांस घरची एक जुनी गोष्ट आठवली, म्हणून हा लेख.

बांगडी फुंकून होत नाहीं. कांचारी लोखंडी सळईच्या टोंकावर तापलेल्या कांचेचा लहानसा गोळा घेई, अणकुचीदार लोखंडानें त्यास भोंक पाडी, आणि तें भोंक मोठें करीत करीत तो वेढा मातीच्या शंकूसारख्या ठोकळ्यावर चढवून गरगर फिरवी. फिरण्याच्या वेगानें वेढा सारखा पसरे व अंगभर गोल होई. सांधा कोठेंच नाहीं. कुंभाराच्या चाकाशींच या कामाचें नातें अधिक. कांचेसाठीं लागणारा खार दख्खनला परका नव्हता; लोणारच्या सरोवरांतील खार बांगड्यांच्या कांचेसाठीं वापरीत. अडचण होती ती वाळूची. आमचा सगळा मुलूख काळ्या दगडाचा. येथील नद्यांच्या वाळूंत लोहाचा अंश फार, आणि लोह असलें कीं कांच हिरवट-काळपट उतरते. बांगडीस तो रंग शोभतो. दिव्याच्या चिमणीस किंवा औषधाच्या शिशीस तो कामाचा नाहीं.

फुंकण्याची विद्या मूळची भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्याची. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकांत सीरिया-पॅलेस्टाइनच्या बाजूस कोणा कारागिरास असें सुचलें कीं, तापलेला गोळा पोकळ नळीच्या टोंकावर घेऊन आंत श्वास सोडावा. तोंवर कांचेचें एक भांडें करण्यास जेवढा वेळ लागे तेवढ्यांत आतां अनेक होऊं लागलीं, आणि राजेरजवाड्यांची वस्तु रोमन साम्राज्यांत सामान्य घरांत शिरली. लाडमोडच्या टेकडीवर रोमन मद्यकुंभ फुटत होते त्याच सुमाराची ही गोष्ट. आपल्या देशांत मोगल अमदानींत फुंकलेल्या कांचेचे हुक्के व गुलाबदाण्या दिसतात. आणि गुजराथेंत कपडवंज येथें ही विद्या वेगळ्याच रूपानें रुजली. तेथें कारागीर पातळ कांचेचा मोठा फुगा फुंकतात, त्यास आंतून मुलामा देतात, आणि एवढ्या श्रमानें केलेला तो गोल मुद्दाम फोडतात! त्या तुकड्यांचेच कच्छी-काठेवाडी घागऱ्यांवरचे आभले होतात. मुलांस हें सांगितलें तेव्हां त्यांस फोडण्याचाच भाग सर्वांत आवडला.

महाराष्ट्रांत मात्र ही विद्या विसाव्या शतकांत कारखान्याच्या रूपानें रुजूं लागली, आणि तीहि पैशापैशाच्या वर्गणींतून. अंताजी दामोदर काळे यांनीं प्रत्येकानें वर्षास एक पैसा द्यावा व त्या निधींतून देशी धंदे उभारावे, अशी कल्पना काढली; लोकमान्य टिळकांनीं तीस पाठबळ दिलें; आणि १९०८ सालीं पुण्याजवळ तळेगांव दाभाडे येथें पैसा फंडाचा कांच कारखाना निघाला. (पैस खांबाच्या गांवीं पैसा फंडाची आठवण व्हावी, हा केवळ शब्दांचा खेळ, पण आमच्या वडील बंधूंस तो फार आवडला व परतीच्या वाटेंत त्यांनीं तो तीनदां ऐकविला.) कारखान्याची धुरा प्रथम ईश्वरदास वार्ष्णेय यांनीं वाहिली. हे गृहस्थ जपान व अमेरिका येथें कांचविद्या शिकून आले होते. माल करणें आणि तरुणांस धंदा शिकविणें, असे कारखान्याचे दोन हेतु होते. येथून शिकून बाहेर पडलेल्यांनीं पुढें देशांत ठिकठिकाणीं भट्ट्या पेटविल्या.

आमच्या आजोबांचे धाकटे बंधु, ज्यांस सारें घर नाना म्हणे, ते स्वदेशीच्या त्या लाटेंत मॅट्रिक होतांच कांच शिकण्यास घराबाहेर पडले. पुढें आमच्या लहानपणीं उन्हाळ्याच्या सुटींत वाड्याच्या ओटीवर बसून त्यांनीं जें सांगितलें, आणि मोठेपणीं एका कारखान्यांत आम्हीं जें डोळ्यांनीं पाहिलें, त्याचा मेळ घालून येथें लिहितों.

भट्टींत विटकरी मातीची मोठी मूस असते. वाळू, सोडा, चुना आणि त्यांत फुटक्या कांचेचा चुरा, हें मिश्रण चौदाशें अंशांच्या वर तापलें म्हणजे त्याचा रस होतो. फुंकणी म्हणजे चार-साडेचार फुटांची पोकळ लोखंडी नळी. तिचें टोंक आधीं तापवावें लागतें; थंड लोखंडास कांच धरत नाहीं. मधांत काडी फिरवावी तशी ती रसांत फिरवून गोळा उचलावयाचा, आणि त्या क्षणापासून फुंकणी सतत फिरती ठेवावयाची. हात थांबला कीं गोळा जमिनीकडे ओघळलाच. मग लोखंडी पाट्यावर लोळवून त्यास सारखेपणा आणतात, व नळींत लहानशी फुंकर घालून तोंडावर चट्कन अंगठा दाबतात. आंत कोंडलेली हवा तापून आपोआप फुगते आणि गोळ्याच्या पोटांत बुडबुडा उमटतो. नाना म्हणत, "नवशिका गाल फुगवून जोर करतो, आणि गोळा एका बाजूनें फाटतो. फुंकर थोडी, धीर फार."

पुढें कारागीर बैठकीवर बसतो. बैठकीस दोन्ही बाजूंनीं आडवे लांब हात असतात. त्यांवर डाव्या तळहातानें फुंकणी पुढें-मागें लोळवीत राहावयाचें, आणि उजव्या हातांत कधीं लांब पात्यांचा चिमटा, कधीं कात्री, कधीं पाण्यांत भिजवून ठेवलेली लांकडी पळी. ओल्या लांकडाची वाफ होते व त्या वाफेवर कांच सरकते, म्हणून लांकूड तिला डाग पाडीत नाहीं. भांड्याचें तोंड घडवावयाचें तर बुडास दुसरी भरीव कांब चिकटवितात, फुंकणीच्या बाजूस गळ्याशीं पाण्याचा थेंब लावतात, आणि हलका ठोका देतांच भांडें फुंकणी सोडून कांबेवर येतें. जुनें हातचें कांचपात्र उलटें करून पाहावें. बुडाशीं या कांबेचा खरबरीत व्रण बहुधा सांपडतो.

हें सारें एकट्यादुकट्यानें होत नाहीं. चिमण्या किंवा शिशा करणाऱ्या टोळींत एक जण गोळा उचलून पहिली फुंकर घाली व फुंकणी मिस्त्रीच्या हातीं देई. मिस्त्री ती सांच्यांत उतरवून पुरती फुंके. सांच्यापाशीं उकिडवा बसलेला पोऱ्या त्याची झांपे मिटी व उघडी. आणि दुसरा पोऱ्या तयार माल चिमट्यानें उचलून निवविण्याच्या भट्टींत पळत नेई. आम्हीं पाहिलेल्या कारखान्यांत ते पोरगे फारच लहान दिसले. त्यांचें वय आम्हीं विचारलें नाहीं. आज त्याची लाज वाटते.

वाचकांच्या ध्यानांत आलें असेल कीं, या व्यवस्थेंत एकच नळी एकाच्या तोंडांतून दुसऱ्याच्या तोंडांत जाते. नाना पहिल्या दिवाळीस घरीं आले तेव्हां आमच्या पणजीनें एवढें एकच विचारलें: "अरे, दहा तोंडांची नळी तूं तोंडांत धरतोस, आणि त्याच तोंडानें संध्या म्हणतोस?" नानांनीं खोटें सांगितलें नाहीं. त्या दिवाळींत त्यांचें पान पंक्तीबाहेर, माजघराच्या दाराशीं मांडलें गेलें. आजोबांनीं मध्यस्थी केली ती अशी कीं, नानांनीं तो धंदा सोडावा म्हणजे विषय मिटेल. दुसऱ्या वर्षाच्या मध्यास नाना परत आले व नगरच्या कचेरींत कारकून झाले. तीस वर्षें त्यांनीं नकला उतरल्या.

पणजीचा आक्षेप केवळ खुळा होता असें मात्र आम्ही म्हणणार नाहीं. एकोणिसाव्या शतकांत फ्रान्समधील डॉक्टरांस आढळून आलें कीं, सामाईक फुंकणीच्या द्वारें कामगारांमध्यें घोर संसर्गजन्य रोग पसरतात. त्यावर प्रत्येकानें आपलें वेगळें मुखाग्र नळीस लावून फुंकावें असा उपाय तेथें सुचविला गेला. म्हणजे उष्टें टाळण्याचें कारणहि होतें आणि साधनहि. परंतु आमच्या घरांत वेगळ्या मुखाग्राची गोष्ट कोणीं काढली नाहीं. फुंकणी ज्या दहा जणांची होती ते कोण, कोणत्या जातीचे, याचीच चौकशी झाली. नानांस काम शिकविणारा मिस्त्री सही करूं शकत नसे. पण त्याच्यासारखा सम गोळा आपणांस शेवटपर्यंत साधला नाहीं, असें नाना वृद्धपणींहि सांगत आणि त्याचा उल्लेख 'आमचे गुरु' असा करीत. त्या वेळीं आजोबा उठून आंत जात.

आणि गंमत पाहावी: त्याच वाड्यांत रोज तिन्हीसांजेस जो प्रभाकर कंदील लागे, त्याची कांच कोणाच्या तरी श्वासानेंच घडलेली असे. ओगले बंधूंनीं १९१६ सालीं कऱ्हाडजवळ कांच कारखाना काढला. तो भाग ओगलेवाडी म्हणूनच ओळखला जाऊं लागला, आणि त्यांचा प्रभाकर कंदील घराघरांत पोहोंचला. कारखाना पुढें बंद पडला, घरोघर वीज आली. परंतु आमच्या वयाच्या वाचकांस स्मरत असेल, कंदिलाची कांच राखेनें पुसण्याचें काम मुलांकडे असे, कारण लहान हातच तिच्या आंत जाई. तापल्या कांचेवर पाण्याचा थेंब उडाला कीं ती तडकली, आणि पाठीत धपाटा बसला. त्याचें कारण नानांनीं सांगितलें होतें: कांच बाहेरून आधीं आकसते, आंतून मागाहून, आणि ही ओढाताण तिला सोसत नाहीं. म्हणूनच कारखान्यांत प्रत्येक नग घडल्यावर पुन्हां भट्टींत ठेवून हळूहळू निववितात. ही पायरी घाईनें उरकलेली वस्तु कधीं कधीं कांहीं दिवसांनीं, कोणीं हात न लावतां, कपाटांतच फुटते.

नानांनीं शिकतांना केलेली एक दौत आमच्याकडे आहे. समुद्राच्या पाण्यासारखा रंग, एका अंगास किंचित् झुकलेली, बुडाशीं कांबेचा व्रण. नातीनें ती शेंकडों वेळां पाहिली असेल. तो व्रण काय आहे हें तिनें लाडमोडच्या टेकडीवर प्रथमच विचारलें. बांगडीचा तुकडा आम्हीं तिला जेथला तेथें ठेवावयास लावला. ती थोडी रुसली, म्हणून परततांना नेवाशाच्या बाजारांत कासाराच्या दुकानीं थांबलों. बांगड्या कोठल्या, असें विचारतां तो म्हणाला, "फिरोजाबादच्या, काका. सगळा माल तिकडचाच." त्यानें तिचा हात मऊ दाबून, अंगठा आंत दुमडून, हिरव्या बांगड्या एकामागून एक चढविल्या. वहिनींनींहि भरून घेतल्या. एक वाढवली, तिचे पैसे त्यानें घेतले नाहींत.