झाडाचं रक्त

भीमाशंकरला थेट एसटी जाते. पण डोंगराशी ओळख व्हायची असेल, तर कर्जतच्या अंगानं, खांडस गावातून चढावं. शिडी घाट जवळचा, पण छातीचा. मी गुडघ्यांचा सल्ला घेऊन गणेश घाट धरला. वाटेत बिवळ्याचं एक झाड लागलं. कुणीतरी जाता जाता बुंध्यावर कोयता हाणला होता. घावातून लाल थेंब ओघळत होते, चिकट, गडद. बोट लावलं तर रंग नखात शिरला. सोबतचे म्हातारबाबा थबकले. “लोकान्ला वाटतं, लाकूड हाय,” एवढंच म्हणाले.

वर देवळात सांगितली जाणारी कथा मला तिथंच आठवली. एका लाकूडतोड्यानं झाडावर कुऱ्हाड घातली, तर रक्ताची धार लागली. माणसं घाबरून गोळा झाली. दुभती गाय आणून तिथं उभी केली, तिच्या दुधानं रक्त थांबलं, आणि त्या जागी महादेव प्रकटले.

दुसरी कथा घामाची. त्रिपुरासुराला मारून दमलेले शंकर या डोंगरावर टेकले. त्यांच्या अंगावरून निथळलेला घाम म्हणजे भीमा नदी. हीच पुढे पंढरपुरात चंद्रभागा होते. म्हणजे वारकरी वाळवंटात बुडी मारतो, ती देवाच्या घामात. कष्टकऱ्यांच्या दैवताला याहून शोभेसं तीर्थ कुठलं असणार!

रक्त काय, घाम काय, इथल्या कथांनी डोंगराला देह दिला. बिवळ्याचा लाल डिंक वाळून त्याचे काळसर खडे होतात, हे वनस्पतिशास्त्र मलाही ठाऊक आहे. ती कथा त्या डिंकातूनच झिरपली असेल का? असेलही. पण डिंक म्हटलं की भाव विचारावासा वाटतो; रक्त म्हटलं की कुऱ्हाड खाली येते. देवरायांना कुंपण कधीच नव्हतं. देवाचा धाक होता, आणि धाकाला गोष्ट लागते.

सरकारी कागदावर हे रान 1985 साली अभयारण्य झालं. साधारण 130 चौरस किलोमीटर. ते मुख्यतः शेकरूसाठी. महाराष्ट्राचा हा राज्यप्राणी सहसा जमिनीवर उतरत नाही. फांदीला फांदी भिडलेली असेल तोवरच त्याची वाट. मधली चार झाडं गेली की त्याचा रस्ता तुटला.

आणि आपला रस्ता तिथूनच जातो. ज्या गोष्टीनं कुऱ्हाड थोपवली, तिनंच गर्दीही बोलावली. ज्योतिर्लिंग म्हटल्यावर माणसं येणार, माणसांसाठी गाड्या, गाड्यांसाठी वाहनतळ. श्रावणी सोमवारी तर रानात पानांची सळसळ ऐकू येणं मुश्कील. भाविकांना दोष कसा द्यावा? ते गोष्टीवर विश्वास ठेवूनच येतात. फक्त गोष्टीतला देव त्यांनी घेतला, झाड मागं राहिलं.

रांग सरकली. गाभाऱ्यात हात जोडले, तेव्हा नखातली लाली दिसली. पाण्यानं गेली नव्हती. कोयता माझा नव्हता, हे खरं. पण मी पायी चढून आलो असलो, तरी खिशात परतीचं तिकीट एसटीचंच होतं.