पथ्याचे पान

पंगतीला बसल्यावर पानात पडेल ते मुकाट्याने खावे, नको असेल ते बाजूला सारू नये, हवे असेल ते मागू नये, अशा शिस्तीत मी वाढलो. एखाद्या लग्नात कुणी वाढप्याला हाक मारून ‘आमच्या आप्पांना तिखट चालत नाही हो’ असे म्हणाले, की आमचे वडील त्या आप्पांकडे असे काही पाहत, की बिचाऱ्यांना जिलबीसुद्धा गोड लागू नये! अशा घरातल्या माणसावर सत्तरी उलटल्यानंतर बोटीवर बसून रोज संध्याकाळी ‘उद्या काय खाणार?’ या प्रश्नाचे उत्तर देण्याची पाळी यावी, याला काय म्हणावे?

मुलगा सिॲटलला असतो. २०२३ च्या जूनमध्ये त्याने आम्हां उभयतांना अलास्काच्या बोटीत बसवून दिले. त्याच्या आदल्या वर्षी हिच्या हृदयाने थोडी कुरकुर केली होती. पायांवर सूज आली, दवाखाना झाला, आणि डॉक्टरांनी गोळ्यांपेक्षा मिठाबद्दलच अधिक बजावले. धडधाकट माणसानेही दिवसाकाठी पाच ग्रॅमच्या, म्हणजे चहाच्या चमचाभर मिठाच्या, आत राहावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. हिला तर त्याहून कडक पथ्य. अशा बोटीवर काही खास खाणे हवे असेल तर ते कित्येक आठवडे आधी लिहून कळवावे लागते. बोट एकदा समुद्रात गेली, की मग कोपऱ्यावरच्या वाण्याकडे पोऱ्याला पिटाळता येत नाही. मुलाने फोनवर विचारले, “बाबा, आईचं काय लिहू?” मी म्हटले, “शाकाहारी. बिनमिठाचं.” ही शेजारीच वाटाणे सोलत बसली होती.

पहिल्याच रात्री जेवणघरात हेड वेटर आमच्या टेबलाशी आला. मनुष्य गोव्याचा, साष्टीतला. गोव्याची माणसे इंग्रजांच्या बोटींवर स्वयंपाकी आणि वाढपी म्हणून पिढ्यानपिढ्या जात आली आहेत. त्याच्या अदबीतही ते पिढीजात वळण दिसत होते. त्याने आम्हांला बोटीच्या भटारखान्याचे गुपित समजावून दिले. सूप, रस्सा, डाळ हे सारे मोठमोठ्या भांड्यांतून आधीच शिजलेले असते. त्यात एकदा पडलेले मीठ ब्रह्मदेवालाही काढता येत नाही. जे ऐन वेळी तव्यावर किंवा जाळीवर पडते, त्यातलेच मीठ वगळता येते. तेव्हा उद्याची यादी आज पाहायची, खूण करायची, म्हणजे उद्या तसे पान येईल. जिथे आपल्या हाताने वाढून घ्यायचे असते, तिथल्या पदार्थांची हमी मात्र त्याने दिली नाही.

“मग मॅडम, उद्या काय?” त्याने विचारले.

“काहीही चालेल,” ही म्हणाली.

“त्या नावाचा पदार्थ आमच्याकडे होत नाही,” तो हसून म्हणाला. मग हिच्या वतीने मीच खुणा केल्या. परिणामी दोन दिवस हिच्यापुढे उकडलेले गाजर, उकडलेला बटाटा, उकडलेला फ्लॉवर आणि पांढरा भात येत राहिला. ती तो खात राहिली, आणि मी डाळीवर ताव मारत राहिलो.

या बाबतीत संकोच ही काही लहान गोष्ट नव्हे. १८८८ च्या सप्टेंबरात मुंबईहून ‘क्लाइड’ बोटीने विलायतेला निघालेल्या अठरा वर्षांच्या गांधींना, कोणता पदार्थ बिनमांसाचा आहे एवढे विचारण्याचाही धीर झाला नाही. घरून बांधून आणलेली मिठाई आणि फळे आपल्या खोलीत बसून खात त्यांनी दिवस काढले. पुढे ज्याने साम्राज्याला जाब विचारला, त्याला वाढप्याला विचारवेना! मी हे हिला मोठ्या उत्साहाने सांगितले. ती म्हणाली, “त्यांना निदान काय हवं ते माहीत तरी होतं.”

स्कॅगवेला आम्ही उतरलो. १८९७-९८ साली सोन्याच्या मागे लागलेली हजारो माणसे याच धक्क्यावर उतरून डोंगर चढली. वर्षाचा शिधा बरोबर असल्याखेरीज कॅनडाचे घोडेस्वार पोलीस त्यांना खिंडीतून पुढे सोडत नसत. सगळे सामान मिळून एकेकाचे सुमारे टनभर वजन भरे, आणि ते पाठीवरून खेपा घालून वर न्यायचे. पीठ, घेवडा, खारवलेले डुकराचे मांस अशी ती यादी. हिने ती लक्षपूर्वक ऐकली आणि म्हणाली, “अगंबाई, त्यांच्यात कुणाला पथ्य असेल तर?” सोन्याबद्दल तिने काहीच विचारले नाही.

त्या संध्याकाळी हेड वेटरने सहज विचारले, तुमचे गाव कोणते? मी ‘पुणे’ म्हणणार, तोच ही म्हणाली, “वेंगुर्ले.” त्याचा चेहरा एकदम उजळला. इंग्रजी टाकून तो म्हणाला, “मगीर फाल्यां कितें जाय?”

आणि ही म्हणाली, “पेज मिळात काय?”

१९७८ साली ही आमच्या देशस्थी घरात आली. माहेरी मासळीवाचून जेवण नव्हते, इथे येताच तिने ती सोडली. सोड म्हणून कुणी सांगितल्याचे मला आठवत नाही. कुणी सांगितलेच नसावे. विचारलेही नसावे. तिच्या बोलण्यातल्या हेलाला आमची आई प्रथम प्रथम हसे. पुढे तो हेलही गेला. माझ्या वडिलांचे मधुमेहाचे पान, आईची चातुर्मासाची व्रते, मला वाटाण्याची उसळ, मुलाला कांदा काढून पोहे, असे पाच जणांचे पाच स्वयंपाक तिने चाळीस वर्षे केले. बोटीवरच्या भटारखान्याचे मला भारी कौतुक वाटले होते. घरातला मात्र कधी डोळ्यांत भरला नाही.

“पेज आमच्या खलाशांच्या मेसमधून आणीन,” तो म्हणाला, “पण नुसती पेज कशी खाणार? मासा जाळीवर ऐन वेळी भाजतात. मीठ घालणार नाही.” म्हणजे, मी लिहून दिलेल्या शाकाहारात जे साधले नव्हते ते पथ्य या सॅमनमध्ये आपोआप साधत होते. हिने माझ्याकडे पाहिले. मी यादी वाचण्यात गढल्यासारखे केले. एवढेच माझे औदार्य!

दुसऱ्या रात्री पान आले. तांदूळ उकडा नव्हता, पण पेज होती. शेजारी लिंबाची फोड आणि गुलाबी मासा.

“तुम्हांला वास येईल. पलीकडे बसता का?”

“छे, कसला वास!” मी म्हटले. वास येत होता, खोटे कशाला बोलू? पण मी उठलो नाही. तिने काटा बाजूला ठेवून बोटांनी एक तुकडा काढला.

“आपल्या रावसाचाच भाऊ दिसतो,” ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, “मीठ असतं ना, तर...” आणि पुढे काही न बोलता पेज भुरकू लागली. उरलेल्या दोन रात्री तिने यादीवर स्वतः खुणा केल्या. एकदा तर मासा जास्त भाजल्याचे तिने त्याला त्याच्या भाषेत सुनावलेही.

सिॲटलला परतल्यावर मुलगा आमच्या परतीच्या विमानाचे काहीबाही भरत बसला होता. मान वर न करता त्याने विचारले, “बाबा, आईचं काय लिहू?”

“तिला विचार,” मी म्हटले.

स्वयंपाकघरातून उत्तर आले, “शाकाहारीच लिही रे, बिनमिठाचं. विमानातले मासे मेले कधीचे असतात कोण जाणे!”