नववा प्रश्न

आत्याला घेऊन न्यू जर्सीतल्या एका दवाखान्यात गेले, तेव्हा पुढ्यात एक कागद आला. पीएचक्यू-९. नैराश्य मोजायचे नऊ प्रश्न, प्रत्येकाला 0 ते 3 गुण, बेरीज जास्तीत जास्त 27. साधारण 10 झाले की डॉक्टर खुर्ची जरा पुढे ओढतात.

दुभाषी आला तो पडद्यावर. "नमस्ते माताजी." भाषेच्या रकान्यात कुणीतरी 'हिंदी' टाकून ठेवलं होतं. आत्या सांगलीची, तिचं हिंदी भाजी घेण्यापुरतं. मीच विचारते, म्हणत मी त्या बिचाऱ्याला रजा दिली आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

"दोन आठवड्यांत कधी उदास वाटलं?"

"उदास व्हायला सवड कुठाय? दोन नातवंडं आहेत घरात."

शून्य.

"कशात गोडी वाटत नाही, असं होतं?"

"गोडी असो नसो, करावं तर लागतंच की."

शून्य. झोप आणि थकवा, या दोनच प्रश्नांना तीन-तीन गुण पडले. मग कुणी न विचारलेलं ती सांगायला लागली. डोकं धरतं, छातीवर कुणी बसल्यासारखं होतं, जिवाला थारा नाही. त्याला कागदावर रकानाच नव्हता. बेरीज 6. थायरॉइडची तपासणी लिहून मिळाली.

निघताना डॉक्टर हळूच म्हणाले, तुमच्या संस्कृतीत लोक मनाचं बोलत नाहीत ना. मी मान डोलावली. तिचा राग मला अजून येतो, त्या मानेचा. अर्धा तास बाई बोलतच तर होती!

अमेरिकेत 2008 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत, वर्षभरात नैराश्य असूनही कसलेच मानसोपचार न मिळालेले गोरे 40 टक्के निघाले, कृष्णवर्णीय 59, लॅटिनो 64 आणि आशियाई 69. शेवटचा आकडा आपला. (आपला म्हणजे चिनी, फिलिपिनो, व्हिएतनामी आणि सांगलीकर, सगळे एकाच गठ्ठ्यात.) विमा नसणं, भेदभाव, भाषा अशी कारणं सांगतात, आणि ती खरीच आहेत. पण आत्याकडे विमा होता, डॉक्टर सज्जन होते, भाची सोबत होती. तरी उपचार दारातूनच परतले.

गोव्यात 'संगाथ' या संस्थेच्या लोकांनी नैराश्यावरच्या उपचारांचं काम उलट बाजूने केलं. डॉक्टर नसलेल्या स्थानिक माणसांना शिकवून प्राथमिक आरोग्य केंद्रांत बसवलं. नैराश्य या शब्दावर अडून न बसता रुग्ण जे म्हणेल, 'टेन्शन' म्हणा की आणखी काही, तिथून सुरुवात. सहा ते आठ भेटी. नुसत्या नेहमीच्या उपचारांपेक्षा याने जास्त लोकांना उतार पडला, असं 2017 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. तो लेख मी वाचला होता, चारचौघांत सांगितलाही होता. दवाखान्यात मात्र कागदातले शब्द तेवढे मराठीत आणले, आत्याचे शब्द तिकडे पोचवलेच नाहीत.

आणि नववा प्रश्न तर मी विचारलाच नाही. मेलेलं बरं, असं मनात येतं का? वडिलांच्या थोरल्या बहिणीला हे कसं विचारायचं? मी "बाकी ठीक ना?" म्हटलं. ती "हो" म्हणाली. मी शून्यावर खूण केली.

तीन दिवस ते शून्य डोळ्यांसमोरून हलेना. चौथ्या दिवशी मेथी निवडताना सांगून टाकलं. "आत्या, तिथला एक प्रश्न मी गिळला गं." आणि विचारला.

ती काड्या बाजूला करत राहिली. "येतं की. पहाटेचं येतं." मग माझ्याकडे न बघताच म्हणाली, "तेव्हाच विचारायचं नाही का?"

हात न धुताच दवाखान्यात फोन लावला. जे होतं ते सगळं सांगितलं, तिच्याच शब्दांत. दुसऱ्या दिवशी सकाळचीच वेळ मिळाली. दुभाषी हवाय का? हवा. मी नको, दुसरं कुणीतरी. भाषा? मराठी. पलीकडची बाई यादीत शोधत राहिली, मग म्हणाली, स्पेलिंग सांगता का?

"सांग तिला," आत्या म्हणाली, "सावकाश सांग."