आडात नाही, तर पोहऱ्यात कुठून?



२०१९ च्या दिवाळीत इंदूरच्या आमच्या घरी नवा टीव्ही आला. आजींच्या (म्हणजे आमच्या मातोश्रींच्या; पण नातवंडांमुळे आता त्या साऱ्या घराच्याच आजी) एका डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन गणपतीनंतर झाले होते. त्यांना मालिका नीट दिसाव्यात म्हणून आम्ही ४३ इंची संच घेतला. खोक्यावर ठळक अक्षरांत ‘फुल एचडी’ लिहिलेले होते. ते वाचून आम्ही निश्चिंत झालो.

पण आजी मात्र गप्प झाल्या. मालिकेतल्या सुनेच्या कारस्थानांपेक्षा तिच्या साड्यांत त्यांना जास्त रस. “ही कसली पैठणी? नुसता काठ तसा आहे,” अशी त्यांची टीका रोज चालायची. नव्या टीव्हीसमोर बसून त्या अवाक्षर बोलेनात. वय झाले, थकल्या असतील, असे आम्ही धरून चाललो.

दुसऱ्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख ठरवायची वेळ आली तेव्हा त्या म्हणाल्या, “राहू दे आता दुसरा डोळा. पहिल्याचा काय उपयोग झाला? टीव्हीवर सगळं धुरकटच दिसतंय.”

आम्ही चपापलोच. डॉक्टर तर डोळा उत्तम आहे म्हणाले होते. मग आठवीतल्या आमच्या कन्येने विचारले, “आजी, बसल्या जागेवरून कॅलेंडर बघ. आज तिथी कोणती?” आजींनी समोरच्या भिंतीवरची तिथी घडाघडा वाचली. “मग तुझा डोळा ठणठणीत आहे,” ती म्हणाली, “टीव्हीच आजारी आहे!”

ती टीव्हीच्या मागे शिरली आणि मग आमच्या अज्ञानाचे एकेक दर्शन घडू लागले. टीव्ही नवा, पण सेटटॉप बॉक्स जुनाच होता. त्यातून निघणारी लाल-पांढरी-पिवळी वायरही जुनीच आणि वाहिन्याही जुन्याच.

यातले गणित असे आहे. आपल्याकडच्या साध्या प्रक्षेपणात एका चित्रात आडवे ७२० आणि उभे ५७६ ठिपके असतात, म्हणजे एकूण ४,१४,७२०. फुल एचडीत १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६०० ठिपके. बरोबर पाचपट! आता ठिपक्यांची रांगोळी डोळ्यांपुढे आणा. एका ठिपक्याइतक्याच माहितीवर टीव्हीने पाच ठिपक्यांची जागा भरायची. तो बिचारा अंदाजाने रंग भरतो आणि चित्र धुरकट दिसते. जुन्या लहान पडद्यावर हा दोष झाकला जायचा, मोठ्या पडद्यावर तो उघडा पडला. आडात नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?

घरी एचडी चित्र पाहायचे तर चार गोष्टी एकदम जुळाव्या लागतात. पहिली, टीव्हीचा पडदा. ‘एचडी रेडी’ आणि ‘फुल एचडी’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्यात ठिपके जास्त. दुसरी, सेटटॉप बॉक्स एचडीचा हवा. साध्या बॉक्सला एचडी वाहिनी उलगडताच येत नाही. तिसरी, बॉक्सपासून टीव्हीपर्यंत एचडीएमआय केबल. चित्र आणि आवाज दोन्ही ही एकच केबल नेते. पिवळ्या वायरीतून साधेच चित्र जाते, मग बॉक्स कितीही भारी असो. चौथी गोष्ट, खुद्द वाहिनी एचडी हवी. २०१९ पासून ग्राहकाला हवी ती वाहिनी सुटी निवडता येते. आमच्या पॅकेजमध्ये मराठी एचडी वाहिनी नव्हतीच. केबलवाल्या भैयांना तीनदा फोन केला, तेव्हा ती सुरू झाली. परप्रांतात मराठी वाहिनी मागून घ्यावी लागते, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नकोच.

चारांतली एक जरी चुकली, तरी बाकी तिघींचे पैसे वाया. शिवाय बॉक्सच्या सेटिंगमध्ये १०८० निवडावे लागते. बसण्याचे अंतरही पाहावे. चित्राच्या उंचीच्या साधारण तिप्पट अंतर चांगले; आमच्या टीव्हीला ते सव्वापाच फूट येते. त्याहून फार लांब बसले, तर एचडीतले बारकावे डोळ्याला टिपता येत नाहीत. आजींची खुर्ची तर दहा फुटांवर होती. ती पुढे सरकवली. एक गोष्ट मात्र लक्षात असू द्या : मुळात साध्या कॅमेऱ्याने टिपलेला जुना कार्यक्रम एचडी वाहिनीवर लागला, म्हणून तो एचडी होत नाही.

नवा बॉक्स आणि केबल लागली त्या संध्याकाळी आम्ही सगळे टीव्हीकडे न पाहता आजींकडे पाहत होतो. मालिका सुरू झाली. दोन मिनिटे गेली. मग आजी पुढे वाकल्या आणि म्हणाल्या, “अगं बाई, ही तर आपली महेश्वरी! काठ बघ ना, चटईचा!”

घरात महिनाभराने टीका सुरू झाली. तीही आमच्याच नर्मदाकाठच्या साडीवरून! २०२० च्या जानेवारीत आजींनी दुसऱ्या डोळ्याचे ऑपरेशन आनंदाने करून घेतले.

आम्हाला मात्र एक बोच राहिली. वायर चुकली, ही चूक लहान होती. घरातले माणूस महिनाभर गप्प आहे आणि त्याला ‘का’ म्हणून विचारले नाही, ही चूक मोठी. मुलांनो, आज घरी गेल्यावर टीव्हीच्या मागे एकदा डोकावून वायर कोणती आहे ते पाहा. आणि टीव्हीच्या पुढे बसलेल्या आजी-आजोबांना नीट दिसते का, तेही अवश्य विचारा.