वाऱ्याला वाट हवी

वालीवच्या औद्योगिक परिसरात धूळ आणि दमटपणा यांपासून कोणाचीच सुटका नाही. आमच्या शाळेला देणगीदाखल मिळालेले जुने संगणक ऑक्टोबरच्या उकाड्यात भर दुपारी अचानक बंद पडत. ज्यांच्या घरी संगणक नाही, अशा वसतिगृहातील मुलांचा तास मग बुडत असे.

नवी यंत्रे घेण्याइतका निधी नव्हता; म्हणून आम्ही मुलांसह कारण शोधले. प्रोसेसर फार तापला की आधी स्वतःचा वेग कमी करतो. तरीही उष्णता वाढलीच, तर स्वसंरक्षणार्थ संगणक बंद होतो. यंत्रे निकामी नव्हती. कॅबिनेटमध्ये हवा कोंडली होती. झाकण उघडे ठेवावे, तर धूळ थेट आत जाते.

कोकणातील कौलारू घरात वारा खिडकीतून येतो आणि तापलेली हवा वर चढून कौलांच्या फटींतून निघून जाते. त्याच न्यायाने आम्ही १२० मिलिमीटरचा एक पंखा समोर खालच्या बाजूस, हवा आत घेणारा, तर दुसरा मागे वरच्या बाजूस, ती बाहेर टाकणारा बसविला. वाऱ्याची दिशा मुलांनी कागदाचा कपटा धरून पडताळली. वाटेतील वायरी कडेला बांधल्या, समोर धुता येणारी जाळी लावली. वाट मोकळी नसेल, तर पंखे कितीही वाढविले तरी ते तीच ऊन हवा घुसळत राहतात.

आता जाळ्या धुण्याची पाळी मुले स्वतःच लावतात. माजी विद्यार्थ्यांना विनंती एवढीच : जुना संगणक द्याल, तेव्हा सोबत दोन पंखेही द्यावेत.